परवाना तपासायला दिला, तो अख्ख्या गावानं वाचला

जांबोटीकर (धागा सुरू करणारा)
आमचं शेत कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं आणि गवे. माचीवर बसायचं, डबा वाजवायचा, फारच झालं तर हवेत बार. (बार हवेतच काढतो. शिकारीवरून भांडायचं असेल त्यांनी दुसरा धागा उघडावा.) परवाना वडिलांचा, त्यांच्यामागं वारस म्हणून रीतसर माझ्या नावावर झाला. त्यांची बंदूक मात्र आता भिंतीवर टांगायच्याच लायकीची. नवी परवडत नाही, म्हणून ओळखीतून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या एका गृहस्थांची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) बघितली, बारा बोअर. माणूस सभ्य, वय झालेलं, मुलं मुंबईला.

त्यांनी परवाना बघायला मागितला. बरोबरच आहे. मी सगळ्या पानांचे फोटो आणि वर आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. आता गंमत बघा. परवान्याचं पुस्तक जुनं, नूतनीकरणाच्या नोंदी हातानं कन्नडात लिहिलेल्या, शिक्केही कन्नडात. त्यांना कन्नडचं अक्षर येत नाही. त्यांनी ते फोटो गावच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, कन्नड येणाऱ्यानं वाचून सांगा, परवाना चालू आहे का. वाईट हेतू काडीचा नाही. दोन दिवसांनी माझ्या मावसभावाचा बेळगावातून फोन, "काय रे, बंदूक घेऊलास म्हणे?" त्याच्याकडं तो फोटो तिसऱ्याच ग्रुपवरून आलेला. नाव, बापाचं नाव, पत्ता, काडतुसं किती ठेवता येतात, आधार नंबर, सगळं.

बंदूक घेतोय हे सरकारला कळलंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्याशी आयुष्यात एकदाच व्यवहार करायचा, त्याच्या फोनमध्ये माझी कुंडली कायमची कशाला? माझं शेतघर पावसाळ्यात आठ-आठ दिवस बंद असतं हे चार लोकांना ठाऊक होतंच. आता तिथं बंदूक असणार हेही कळलं.

तंबाखूवाला_निपाणी
मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. शेजाऱ्याच्या घरात बंदूक आहे हे मला कळायला नको? इलेक्शन लागलं की तुम्ही लोक बंदुका पोत्यात गुंडाळून ठाण्यात जमा करायला नेता. बसमध्ये कंडक्टरसकट सगळ्यांना कळतं पोत्यात काय आहे ते. तेव्हा कुठं गेलेली असते तुमची प्रायव्हसी?

जांबोटीकर
कंडक्टरला माझा आधार नंबर कळत नाही, अण्णा.

माजी_फौजी
मी विकणाऱ्याच्या बाजूनं बोलणार. निवृत्तीनंतर बँकेत गार्ड म्हणून होतो, स्वतःची बंदूक होती, ती विकली आहे, म्हणून माहीत आहे. घेणारा चारशे रुपयांच्या मोबाईल रिचार्जची पावती जपून ठेवतो, पण विकणाऱ्यानं झेरॉक्स मागितली की त्याला राग येतो. उद्या त्या बंदुकीनं काही भलतंसलतं झालं तर पोलीस आधी कोणाच्या दारात येणार? ज्याच्या नावावर बंदुकीचा नंबर होता त्याच्या. मी तर परवाना, आधार, दोन फोटो घेतले, शिवाय घेणाऱ्याच्या गावी जाऊन चौकशी करून आलो. ते सगळं अजून माझ्या ट्रंकेत आहे आणि मी मरेपर्यंत राहणार.

कॅम्पातला_वकील
फौजी साहेबांचं निम्मं बरोबर आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम २९ प्रमाणे समोरच्याला हत्यार बाळगायचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या हातात देणं हाच गुन्हा आहे. तेव्हा चंदगडच्या काकांनी परवाना वाचून घेतला नसता तर ते अडकले असते. परवाना बघणं त्यांना भागच होतं.

उरलेलं निम्मं कलम ५ मध्ये आहे. आपल्या वापरातली बंदूक खासगी माणसाला विकायची तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि मग किमान ४५ दिवस थांबायचं. त्या पत्रात घेणाऱ्याचं काय लिहायचं? नाव आणि पत्ता. कायदा एवढंच मागतो. आधारचा त्यात उल्लेख नाही, आणि असणार तरी कसा, कायदा आधारच्या पन्नास वर्षं आधीचा. तेव्हा आधार पाठवला ही जांबोटीकरांची चूक. मागितला नसताना पाठवला, की मागितला होता?

जांबोटीकर
नव्हता मागितला. मीच विश्वास बसावा म्हणून पाठवला. लाज वाटते सांगायला.

कॅम्पातला_वकील
सगळेच पाठवतात. माझ्याकडं येणारा पक्षकार नाव सांगायच्या आधी आधार काढतो.

बेनकनहळ्ळी_१
मूळ दुखणं कोणीच बोलत नाही. परवाना मराठीत असता तर ग्रुपवर टाकायची वेळच आली नसती. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या असं ठरून किती वर्षं झाली? आमच्या भागात तर आम्ही अल्पसंख्याक म्हणायलाही हसू येतं. तरी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातला एक कागद मराठीत मिळतो का बघा.

तंबाखूवाला_निपाणी
झालं. बंदुकीवरून सीमाप्रश्न. आता उद्या कोणीतरी गॅस सिलिंडरचा धागा काढला तरी तुम्ही १९५६ वर जाणार.

बेनकनहळ्ळी_१
जाणारच. पण खोटं काय बोललो ते सांगा.

माजी_फौजी
खोटं नाही, पण उलटं करून बघा. मराठीत लिहिलेला चंदगडचा परवाना घेऊन कोणी सौंदत्तीला बंदूक विकायला गेला तर तिकडचा माणूस तो आपल्या ग्रुपवर टाकून 'मराठी ओदाक बरतैति येनु' (मराठी वाचता येतं का) विचारणारच. दोन राज्यांच्या हद्दीवरचा शिनोळीचा नाका मध्ये आहे तोवर हे दोन्हीकडून चालणार.

चिकोडीची_सून
इथं बहुतेक जण घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतायत म्हणून लिहिते. मी विकणारी होते.

आमचे हे गेले तेव्हा त्यांची बंदूक घरात होती. दिरांनी दुसऱ्याच आठवड्यात ठाण्यात नेऊन जमा केली, ते बरं केलं. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो असं सांगितलं. पण मुलगा पुण्यात आयटीत, त्याला नको. मला तर ती कपाटात असताना झोप लागायची नाही. म्हणून विकायचं ठरवलं. दिरांनी दोन-चार लोकांना सांगितलं आणि माझा नंबर दिला. तिथंच चुकलं.

महिनाभर फोन. संकेश्वरहून, गडहिंग्लजहून, कोण कुठले. बंदूक ठाण्यात आहे म्हटलं तरी घरी येऊन बसायचे. एकानं किंमत विचारायच्या आधी विचारलं, "वहिनी, घरात अजून कोण कोण असतं?" त्याच्या मनात काही नसेलही. पण मी त्या रात्री मागच्या दाराला आतून कपाट लावून झोपले. एकानं परवान्यातल्या ह्यांच्या फोटोचं पान मागितलं, पाठवलं. वर्षश्राद्धाच्या सुमारास कोणीतरी मला दाखवलं, तोच फोटो "अर्जंट सेल" म्हणून फिरतोय. गेलेल्या माणसाचा फोटो, खाली माझा नंबर.

शेवटी लायसन असलेल्या दुकानदाराकडं विकायची परवानगी काढली. त्यानं पाडून किंमत दिली, निम्म्यापेक्षा थोडी जास्त. पण माझ्या दारात नंतर एकही अनोळखी माणूस आला नाही. ते पैसे मी कमी झाले असं धरतच नाही.

जांबोटीकर
वहिनी, मी चंदगडच्या काकांच्या घरी न कळवता दोनदा गेलोय. हे वाचून कसंसंच झालं. एकटेच असतात ते.

माजी_फौजी
ताईंचं पटलं. मी घेणाऱ्याच्या गावी जाऊन चौकशी केली हे वर अभिमानानं लिहिलंय, ते त्याच्या बायकोला कसं वाटलं असेल हा विचार केला नव्हता. तरी कागद ठेवण्याचा मुद्दा सोडत नाही.

रानडुक्कर_पीडित
एवढा ताप कशाला घ्यायचा? आमच्याकडं ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासायची) बंदूक मिळते गपचूप, बिनपरवाना. ना आधार, ना ४५ दिवस, ना ग्रुप.

कॅम्पातला_वकील
आणि सापडलात की किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५, शिवाय दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे सांगतोय, त्याआधी १ ते ३ होते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यानंच ठेवलाय, कलम १३ बघा. अर्ज करा की राजा. आणि असली वाक्यं इथं लिहू नका, खासगीपणाच्या धाग्यावर स्वतःवरचा गुन्हा कबूल करायला बसलाय.

तंबाखूवाला_निपाणी
वकीलसाहेब, एक सरळ प्रश्न. त्या काकांवर केस होते का? सुप्रीम कोर्टानं खासगीपणा मूलभूत हक्क म्हणून सांगितलाय ना?

कॅम्पातला_वकील
सांगितलाय. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीशांचं पीठ. आणि ज्यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो ते पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, आधारविरुद्धच कोर्टात गेले होते. पण तो हक्क मुख्यतः सरकारसमोर उभा राहतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बघाल तर एखाद्यानं निव्वळ स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली असेल तर त्याला तो कायदा लागूच नाही. घरची जुनी बंदूक विकणारा म्हातारा कुठं बसतो? वाद घालता येईल, पण त्या वादात तुमची दहा वर्षं जातील आणि काका तोवर राहणार नाहीत.

थोडक्यात, दुकानदारानं तुमचे कागद उधळले तर त्याला लायसन जायची तरी भीती. खासगी विकणाऱ्याला धाक कशाचा? म्हणून कागद देतानाच हात आखडता घ्यायचा. आधार द्यायचाच तर पहिले आठ आकडे झाकलेला अधिकृत आधार मिळतो, तो. परवाना दाखवायचा, फोटो द्यायचा नाही. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर आडवं लिहायचं, अमुक नंबरच्या बंदुकीच्या व्यवहारापुरतीच, तारीख, सही.

माजी_फौजी
आडवं लिहिलेली झेरॉक्स मला चालेल. नुसतं "दाखवतो" नाही चालणार.

तंबाखूवाला_निपाणी
मला अजूनही वाटतं चोराची भीती फुगवून सांगताय. बंदूक असलेल्या घरात चोर कशाला शिरेल?

गुंजीवाला
शिरेल, कारण घरात माणूस नसतो, बंदूकच असते. पण जांबोटीकर, मला चोरापेक्षा भाऊबंदांची जास्त भीती वाटते. आमच्याकडं बांधावरून भांडण होतं. समोरच्याला तुमचा परवाना नंबर आणि नूतनीकरणाची तारीख मिळाली की नेमक्या वेळी निनावी अर्ज जातो. दारू पितो, बायकोला मारतो, लहान पोरांसमोर बंदूक काढतो. मग पोलीस चौकशी, मग फाईल थांबते. आमच्या चुलत्यांचं असंच दोन वर्षं लटकलं होतं आणि अर्ज कोणी केला ते अख्ख्या गावाला माहीत होतं. तो मावसभाऊ पहिल्यांदा फोन करतो हे मला शुभ लक्षण वाटत नाही.

जांबोटीकर
मावसभाऊ चांगला आहे हो.

गुंजीवाला
असू दे की. मी आपलं सांगितलं.

कॅम्पातला_वकील
जांबोटीकर, दोन गोष्टी राहिल्या. तुमचं गाव भीमगड अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत येत असेल तर वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानाधारकाची नोंद वनखात्याकडंही लागते. २०११ ला अभयारण्य झालं तेव्हा वडिलांनी केली होती का बघा. दुसरं, विकणारे महाराष्ट्रात, तुम्ही कर्नाटकात. परवान्यावर हद्द काय लिहिलीय ते आधी वाचा. राज्यापुरतीच असेल तर ती दुनळी घेऊन शिनोळी ओलांडणं हाच गुन्हा ठरेल. बंदूक उचलायच्या आधी दोन्हीकडच्या ऑफिसात लेखी विचारा.

तंबाखूवाला_निपाणी
म्हणजे डीसी, पोलीस, वनखातं, वर दोन राज्यं, एवढ्यांना कळणार. आणि तुम्ही गावाच्या ग्रुपवर नाराज.

जांबोटीकर
हो, नाराज. ह्या सगळ्यांकडच्या रजिस्टरवर कोणाची तरी सही असते. ग्रुपवर कोणाची आहे?

आज सकाळी काकांना फोन केला. रागावलो नाही, ताईंचं वाचून रागावायचं धाडस झालं नाही. त्यांनी ग्रुपवरचे फोटो काढून टाकायचा प्रयत्न केला पण दोन दिवस उलटून गेले होते, जमलं नाही. म्हणाले, तुम्ही पुढच्या आठवड्यात या, माझ्या ओळखीचा एक कन्नड शिकवणारा मास्तर आहे, त्याच्यासमोर पुस्तक उघडू, फोटो नको. मी येतो म्हटलं. आधी फोन करून.

नवा_सदस्य_४४
छान चर्चा. दुनळी अजून विकायची आहे का? काका चंदगडात नेमके कुठल्या गावचे? नंबर असेल तर टाका ना.

जांबोटीकर
नाही टाकत.