अपवाद कागदावर असून भागत नाही
गर्भपातबंदीच्या कायद्यात अपवाद दिलेला असेल, तर खासगी जीवनाच्या हक्काचा प्रश्न येतोच कुठे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तो तिथेच सुरू होतो.

पोलंडच्या १९९३ च्या कायद्यात आरोग्याला धोका असल्यास गर्भपाताची मुभा होती. दोन मुलांच्या एका आईची नजर आधीच फार अधू होती. तिसऱ्या बाळंतपणात धोका आहे, असं प्रमाणपत्र एका डॉक्टरने तिला दिलंही. स्त्रीरोगतज्ज्ञाने मात्र त्याच कागदाच्या मागे नकार लिहून तिला परत पाठवलं. दाद मागायला जागाच नव्हती. बाळंतपणानंतर तिची दृष्टी आणखी खालावली. हे वाचताना आजही मला संताप येतो.

२००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ८ चा, म्हणजे खासगी जीवनाच्या हक्काचा, भंग झाल्याचं ठरवलं. गर्भपाताचा स्वतंत्र हक्क त्याने मान्य केला नाही, हे खरं. पण मुभा दिलीत तर ती मिळवण्याची वाटही हवी, आणि वेळेत हवी. आयर्लंडमधल्या कर्करोगातून सावरलेल्या एका बाईच्या प्रकरणात २०१० मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा तेच ठरवलं. तिथे तेव्हा डॉक्टर आणि रुग्ण दोघांवरही तुरुंगाची टांगती तलवार असताना मोकळेपणाने सल्ला देणार कोण?