मदत हवी आहे: भावोजींशी वाद अर्ध्यावर अडकलाय

मंडळी, भावोजींशी हवामानबदलावरून जुंपली आहे, जरा हात द्या.

त्यांचं पालुपद एकच, "हवामान पूर्वीही बदलायचंच, सगळा सूर्याचा खेळ." त्यावर मी सांगितलं, १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत, साधारण ११ वर्षांचा चढउतार सोडला तर ती वाढलेली नाही. शिवाय सूर्यच तापला असता तर वातावरणातला वरचा, स्थितांबराचा थरही तापला असता, तो उलट थंड होतोय. भावोजी चक्क गप्प! (दुर्मीळ योग.)

मग गाडी कार्बन डायऑक्साइडवर. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग, आता ४२० च्या वर. "हा ज्वालामुखीतून आला नाही कशावरून?" हवेतल्या कार्बन-१३ चं (कार्बनचाच किंचित जड प्रकार) प्रमाण घटतंय, आणि कोळसा-तेल मुळात वनस्पतींपासून बनल्यामुळे त्यांत ते कमीच असतं, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी दहावीनंतर विज्ञानाचं तोंड पाहिलं नाही, त्यांना हे पटवायचं कसं? एखादं सोपं उदाहरण सुचवा ना.

सौरऊर्जेवर मात्र मीच डगमगतोय. पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा ते साधारण १ ते ३ वर्षांत परत देतं आणि पुढे २५ वर्षं चालतं, इथवर ठीक. पण "रात्री काय करणार?" याला बॅटरी आणि पाणी वर चढवून ठेवणारी धरणं, एवढंच बोलता आलं. वीजक्षेत्रात काम करणाऱ्या कुणी सांगाल का, साठवण कमी असताना सौर वीज प्रत्यक्षात कुठे अडते? रविवारी पुन्हा गाठ आहे.