पॉलिशवाले हात साफ करून गेले, दिवाळी तोंडावर आलीय. सोसायटीत नक्की काय करावं?

जिन्यातली_सेक्रेटरी (पुणे)

आमची सोसायटी कोथरूडमधली, १९८४ सालची. तीन मजले, दोन जिने, चोवीस घरं, लिफ्ट नाही. निम्म्या घरांत सत्तरी ओलांडलेलं जोडपं किंवा एकटंच माणूस. मुलं हिंजवडीला, नाहीतर थेट अमेरिकेत. वॉचमन फक्त रात्रीचा. ज्या मीटिंगला मी गेले नव्हते त्याच मीटिंगमध्ये मला एकमताने सेक्रेटरी केलं गेलं, त्यामुळे हे सगळं आता माझ्या गळ्यात.

गेल्या आठवड्यात भर दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन मुलं आली. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पावडरच्या पुड्या. "कंपनीची जाहिरात आहे आजी, काही विकत घ्यायचं नाही." आधी ताम्हन घासून दिलं, मग समई. दोन्ही लख्ख. मग काकूंची चांदीची जोडवी उजळली. मग हातातल्या पाटल्या. त्या कुकरच्या डब्यात हळदीच्या पाण्यात टाकल्या, डबा गॅसवर ठेवायला लावला आणि "वीस मिनिटं झाकण काढू नका, वाफेनं चमक येते" असं बजावलं. प्यायला पाणी मागितलं. ते पिऊन, काकूंना वाकून नमस्कार करून गेले. पाटल्यांइतकाच काकूंना त्या नमस्काराचा संताप आहे. डब्यात नुसतं पिवळं पाणी.

तक्रार दिली आहे. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर नुसता गदारोळ. एकाने सोळा कॅमेऱ्यांचं कोटेशन टाकलंय, एक लाख चाळीस हजार. दुसरे म्हणतात फेरीवाले बंद करा. तिसऱ्यांना सगळ्या कामवाल्या बायकांवर संशय. आणि कोणीतरी खालच्या चौकात ब्लँकेट विकणाऱ्या माणसाचा फोटो 'हाच तो' म्हणून फिरवतंय. काकू स्वतः म्हणाल्या की हा तो नाही, तरी फोटो फिरतोच आहे.

दिवाळीत दहा-बारा घरांना कुलूप असेल. हातात थोडे दिवस आणि थोडे पैसे असताना आधी काय करावं? कॅमेरे घ्यायचेच तर कुठे लावायचे? आणि म्हाताऱ्या माणसांना न घाबरवता हे सांगायचं कसं? उपदेश नको, केलेलं काही असेल तर सांगा.

---

खाकी_उतरवलेला (सातारा)

ताई, उभी नोकरी पोलिसात झाली, त्यातली बरीच वर्षं डीबी म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकात. त्यामुळे जरा लांबण लावतो.

सगळ्यात आधी तो ब्लँकेटवाल्याचा फोटो काढायला लावा. आजच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच माणसं जमावानं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारी. कारण काय, तर मोबाईलवर फिरणारी अफवा. कोथरूडात असं होणार नाही म्हणाल, पण त्या माणसाला उद्या चौकात कोणी चार थपडा मारल्या तर गुन्हा तुमच्या लोकांवर दाखल होईल. आणि खरे दोघं तोवर तिसऱ्या गावात हळद मागत असतील.

आता पॉलिश. यात दोन जाती आहेत. एकात हातचलाखी, तुमच्या काकूंच्या बाबतीत झाली ती. दागिना डब्यात पडला असं दिसतं, पण एकतर तो पडलेलाच नसतो, नाहीतर त्या पाणी आणायला आत वळल्या की काढून घेतात. ते पाणी तहान लागली म्हणून मागत नाहीत. घरातलं माणूस अर्धा मिनिट पाठमोरं व्हावं, एवढ्यासाठीच ते असतं. दुसऱ्या जातीत दागिना परत मिळतो, पण हलका होऊन. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, म्हणजे आम्लराजात, सोनं विरघळतं. त्यात बुडवून ब्रश मारून देतात. दिसायला छान दिसतं, काही ग्रॅम त्यांच्या भांड्यात राहतं आणि ते नंतर काढून घेतात. ही बाई ठाण्यात येतच नाही, कारण चोरी झाल्याचं तिला सोनाराच्या काट्यावर कळतं, तेही कधीतरी पुढे लग्नकार्य निघाल्यावर.

दिवाळीचं म्हणाल तर दिवसाच्या घरफोड्या साधारण अकरा ते चारमध्ये होतात. येऊन आधी बेल वाजवतात. दार उघडलं तर "जोशी इथंच राहतात का?" आणि सॉरी म्हणून पुढे. नाही उघडलं तर कटावणी. त्यामुळे असा कोणी नाव विचारत आला की "कोणते जोशी, कोणी पाठवलं?" एवढं विचारा आणि गॅलरीतून खाली बघत राहा. बघणारं माणूस आहे म्हटल्यावर ते त्या जिन्यात परत येत नाहीत.

रात्रीची गोष्ट वेगळी. चोर आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात. कोयंडा उचकटल्याचा आवाज होतो, शेजारी जागा होतो, पण तो स्वतःच्याच घरात कोंडलेला. पंचनाम्याला गेलो की हमखास ऐकायला मिळायचं, "साहेब, आवाज आला हो, पण आमचं दारच उघडेना." लॅच असलेल्या दाराला बाहेरची कडी लागते कशाला? सुतार बोलवा आणि चोवीसच्या चोवीस दारांच्या कड्या काढून टाका. तुमच्या कोटेशनमध्ये नुसत्या वायरीचे जेवढे लावलेत त्याहून कमीत होईल. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. दाराच्या आत बसणारं कुलूप करून घ्या. आणि गोदरेजच्या कपाटाची किल्ली कपाटावर, गादीखाली किंवा देव्हाऱ्यात ठेवू नका. चोराला तुमच्या घरातल्या जागा तुमच्या सुनेपेक्षा जास्त पाठ असतात.

कॅमेरे सोळा नकोत, चार पुरेत. दोन्ही जिन्यांच्या तोंडाशी, फाटकावर आणि पार्किंगमध्ये. छताला चिकटवू नका, तिथून टोपीचं गोंडं दिसतं, चेहरा नाही. डोक्याच्या थोडं वर, येणाऱ्याच्या तोंडासमोर लावा. रेकॉर्डिंगच्या डब्यातलं घड्याळ बरोबर आहे का ते महिन्यातून एकदा बघा. पाऊण तास मागे चाललेल्या घड्याळावर आरोपीचा वकील जेवतो. रेकॉर्डिंगचा डबा कुणाच्या तरी घरात कुलपात हवा, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला तर चोर तोही घेऊन जातात. आणि काही घडलं तर फूटेज लगेच उतरवून घ्या, जुनं आपोआप पुसलं जातं.

काकूंना एक विचारा: एफआयआरची प्रत घेतली का? ती फुकट मिळते, तो फिर्यादीचा हक्क आहे. हद्द आमची नाही असं सांगून कुणी परत पाठवलं तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते. सोबत पाटल्यांची पावती, वजन, फोटो. नसेल तर लग्नाच्या अल्बममधला हाताचा फोटोही चालतो. सोनं सापडतं तेव्हा बऱ्याचदा लगड झालेलं असतं, मग ते कोणाचं यावर दहा जण दावा सांगतात. नव्या दागिन्यांवर हॉलमार्कसोबत एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी-अंकी नंबर असतो, तो वहीत उतरवून ठेवा.

---

काउंटर_नंबर_तीन (नाशिक)

वरचं वाचून एवढंच घालते की आता बरेचसे चोर जिना चढतच नाहीत.

मी बँकेत आहे. आमच्याकडे एक आजोबा एफडी मोडायला आले. मुदतीला दोन महिने राहिलेले. कारण विचारलं तर "मुलीचं लग्न." त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीत मी जेवले आहे, तिला आता शाळेत जाणारा मुलगा आहे. आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. शर्टाच्या खिशात मोबाईल उभा, कॅमेरा बाहेर डोकावणारा, स्क्रीन चालू. मी तोंडाने "फॉर्म भरा" म्हटलं आणि स्लिपच्या मागे लिहिलं, 'फोनवर कोणी आहे का?' त्यांनी नुसती मान हलवली आणि त्यांचा हात एवढा थरथरायला लागला की पेन खाली पडलं. मॅनेजरने फोन काढून घेतला. पलीकडे वर्दीतला माणूस, मागे झेंडा, सगळा थाट. आजोबांच्या आधारवर कुठलंतरी पार्सल पकडलंय असं त्याने सांगितलेलं आणि आजोबा रात्रभर त्या व्हिडिओ कॉलवरच्या 'डिजिटल अटक'मध्ये होते. लघवीलासुद्धा परवानगी मागून जात होते.

अशी अटक कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हेच सांगितलं. पण त्या क्षणी माणसाला कायदा आठवत नाही, म्हणून कायदा शिकवण्यापेक्षा आमच्या आईला मी एकच सांगून ठेवलंय: जो म्हणेल 'कुणाला सांगू नका', त्याचं पहिलं मला सांगायचं. पॉलिशवाल्याचं 'झाकण काढू नका' आणि याचं 'फोन ठेवू नका' यात मला तरी काही फरक दिसत नाही.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. शाखेत येऊन रांगेत उभं राहू नका, आधी फोन. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंत ती रोखता येते. तिथून चार खात्यांत फुटली की अवघड. आणि गॅसचं बिल, वाहतुकीचा दंड किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल (म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) आली तर उघडू नका. लग्नपत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही.

---

चाळकरी (डोंबिवली)

कामवाल्या बायकांबद्दल. पॉलिशवाल्यांना दार उघडलं कोणी? काकूंनी. कामवालीने नाही. मग संशय तिच्यावर कसा? पडताळणी करायची तर भाडेकरूंचीही करा, कारण मालक अमेरिकेत आणि फ्लॅटमध्ये कोण राहतं हे सेक्रेटरीलाही माहीत नाही, असे फ्लॅट प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडे एकदा कुलूप फोडताना चोरांना हटकलं ते शेजारच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींनीच. दुपारी दोनला जिन्यात जागं माणूस कोण असतं? त्याच. त्यांना मीटिंगला बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या.

---

एडिसनवासी (न्यू जर्सी)

माझे आईबाबा असेच एकटे आहेत, कर्वेनगरला. मी हौसेने हॉलमध्ये कॅमेरा बसवला. आठवडाभरात त्यात फक्त भिंत दिसायला लागली. आईने तोंड फिरवून ठेवला होता. "तुला आमची काळजी वाटते म्हणून मी गाऊनमध्ये बसायचं नाही का?" बरोबर आहे तिचं. आता दाराला साखळी आणि बाहेर बघायला स्क्रीनवाली बेल आहे, ती त्यांना आवडते. कोण आलं ते बाबा खुर्चीतूनच बघतात आणि अर्ध्या लोकांना दार उघडत नाहीत. त्यात माझे मामाही आले.

---

जिन्यातली_सेक्रेटरी (पुणे)

सगळ्यांचे आभार. मीटिंग झाली.

फोटो काढला गेला, थोडी कुरकुर झाली. एफआयआरची प्रत काकूंनी घेतली नव्हती, काल घेऊन आलो. कॅमेरे चार ठरले. पहिल्या मजल्यावरचे काका अजून सोळावर अडून आहेत, पण पैसे काढायची वेळ आली तेव्हा त्यांनीच विषय बदलला. मावशींना बोलावलं होतं. त्यातल्या एकीने सांगितलं की तेच दोघं आदल्या दिवशी बाजूच्या सोसायटीत पितळी भांडी विचारत होते, "पण आम्हाला कोण विचारतंय?" यावर सभेत कोणी काही बोललं नाही. मावशींचे आणि आमचे नंबर आता एकाच ग्रुपमध्ये आहेत.

काकूंनी स्वतःहून ठरवलंय की दर शनिवारी खाली बाकावर ज्येष्ठांना सगळी हकीकत नमस्कारासकट सांगायची. माझ्या पत्रकापेक्षा ते बरं. खाकीसाहेब, तुम्ही पुण्यात आलात तर एखाद्या शनिवारी या.

आता कड्या. चोवीस दारं, जुने सागवानी दरवाजे, भोकं बुजवून पॉलिशही करून हवंय (हो, तोही विनोद मीटिंगमध्ये झाला). दिवाळीआधी करून देणारा माहितीतला सुतार कोथरूड-कर्वेनगर भागात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.