घोड्याच्या केसांचा दाढीचा ब्रश: खरंच फरक पडतो की नुसती हौस?

घोटीव_गाल
फोमचा डबा दाबून दोन मिनिटांत दाढी उरकणाऱ्यांना लांबूनच रामराम, हे तुमच्यासाठी नाही. भाचीने स्पेनहून येताना माझ्यासाठी घोड्याच्या केसांचा ब्रश आणला (तिकडे आणि तुर्कस्तानात अजून बनतात, आपल्याकडे दुकानात मागितला तर माणूस आपल्या तोंडाकडे बघत बसतो). दीड वर्ष वापरतोय आणि आता माझं मत पक्कं झालंय, डुकराच्या केसांचा नको, बॅजरचा (बिळात राहणारा एक केसाळ प्राणी) नको, ब्रश घ्यायचा तर घोड्याचाच. डुकराचे केस ताठ, आधी पाण्यात भिजत घाला, मग टोकं फुटून मऊ पडेपर्यंत काही आठवडे गाल सोलून घ्या. बॅजर मऊ, पाणी भरपूर धरतो, पण त्यासाठी जनावर मारावं लागतं आणि किंमत ऐकून दाढीच वाढवावीशी वाटते. घोडा मधला. आयाळीचे केस मऊ, शेपटीचे जाड, दोन्ही मिसळून गाठ बांधतात, नळाखाली धरला की तयार आणि खुंटांच्या मुळाशी फेस पोचतोय हे हाताला कळतं. वर हे केस खरारा करताना, कातरताना निघालेले, म्हणजे कोणाचा जीव गेला नाही.

खारे_वारे
पहिले चार दिवस ब्रशला तबेल्याचा वास येतो हे लिहायचं राहिलं वाटतं. माझ्याकडे होता असा एक. आम्ही रत्नागिरीचे, जून ते सप्टेंबर घरातला टॉवेल वाळत नाही तिथे हा कुठून वाळणार, गणपतीत बघितलं तर गाठीच्या बुडाशी हिरवट बुरशी आणि केस झडायला लागलेले. आता सिंथेटिक वापरतो, दोनदा झटकला की जवळजवळ कोरडा, वास नाही, गळती नाही. जुने नायलॉनचे ब्रश टोचायचे आणि पाणी धरायचे नाहीत हे मान्य, पण आताचे धागे बारीक आणि टोकाला निमुळते असतात. शेवटी गालाला फेसच फासायचाय ना, घोडदौड करायचीय का?

घोटीव_गाल
वास शॅम्पूने दोनदा धुतला की जातो. ब्रश टांगलेला होतात का, केस खाली करून? की मगमध्ये उभा?

खारे_वारे
मगमध्ये. टांगायचा तर खुंटी हवी, खुंटीला ड्रिल हवं, म्हणजे दाढीसाठी सुतारकाम.

गुरांचा_डॉक्टर
वास आणि बुरशी सोडा, हा ब्रश मागे का पडला ते कोणी लिहीलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे गुरांना काळपुळी होते ना, अँथ्रॅक्स, तीच. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारा बॅजरच्या केसांचा नेहमीचा माल अडकला, मग चीन, सैबेरिया, जपानकडून घोड्याचे स्वस्त केस आले, त्यावर रंग चढवून बॅजर म्हणून ब्रश विकले आणि निर्जंतुक करायला कोणाला सवड नव्हती. दाढी करताना बारीक कापलं की जंतू थेट आत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळून 200 च्या वर लोकांना झाला, त्यात सैनिक बरेच, काही दगावले. 1920 मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशवर आयातबंदी घातली. या जंतूचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं तग धरतात, म्हणून जुन्या बाजारात आजोबांच्या वेळचा अँटिक ब्रश दिसला तर शोकेसमध्ये ठेवा, गालाला लावू नका.

घोटीव_गाल
डॉक्टर, हे तर माझ्याच बाजूचं झालं! घोड्याचा दोष काय त्यात? रंग फासून बॅजर म्हणून विकणाऱ्याचा दोष, केस न धुणाऱ्याचा दोष. पण नाव बद्दू झालं ते घोड्याचं.

गुरांचा_डॉक्टर
तुमच्या बाजूचं नाही आणि विरुद्धही नाही. नव्या, चांगल्या कंपनीच्या ब्रशला मी घाबरत नाही एवढंच. मी स्वतः सलूनमध्ये जातो, तिथला ब्रश कशाचा आहे ते विचारत नाही, विचारायला भीती वाटते.

गज_आणि_तार
मी सारंगी वाजवतो. आमच्या गजालाही घोड्याच्या शेपटीचेच केस लागतात, त्यामुळे "कोणाचा जीव गेला नाही" वाचून थांबलो. गजासाठी बाजारात जे केस येतात त्यातले बरेच कत्तलखान्यातून येतात, घोडा मांसासाठी कापला की शेपूट वेगळी विकतात. खरारा करताना हातात येतात ते केस आखूड, मिसळलेले, त्यातून लांब जुडी काढणं सोपं नाही. ब्रशला आखूड चालत असतील, कबूल, पण तुमच्या ब्रशचा घोडा जिवंत आहे हे तुम्हाला डब्यावरच्या चिठ्ठीनेच सांगितलं ना?

घोटीव_गाल
हो, चिठ्ठीनेच. हे खटकलं, खोटं नाही बोलणार. तरी फरक आहे असं मला वाटतं, घोड्याचे केस न मारता मिळू शकतात, बॅजरचे नाही. जीव गेला नाही हे वाक्य मात्र मागे घेतो.

खारे_वारे
सिंथेटिकचा घोडा कधीच मेला नाही, नोंद घ्यावी.

गज_आणि_तार
तो समुद्रात मिळतो, तुमच्याच कोकणात, माशाच्या पोटात बारीक तुकडे होऊन.

टँकर_सोसायटी
ब्रशवरून भांडताय पण पाण्याचं कोणी बोलत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, तुमच्या डुकराला इंग्रजीत म्हणतात तो बोअर नव्हे, जमिनीतला, शाळेत ज्याला दुष्फेन म्हणायचे ते. साबणाचा फेस होत नाही, वाटीत पांढरा चिकट साका बसतो. माझ्याकडे तिन्ही ब्रश आहेत, एक दिवस आड बदलून बघितले, या पाण्यात तिन्ही सारखेच नापास. पिण्याच्या आरओ पाण्यात केला तर पन्नास रुपयांच्या ब्रशनेसुद्धा दह्यासारखा घट्ट फेस. आधी एक तांब्या चांगलं पाणी बाजूला काढा, मग घोडा का गाढव ठरवा.

घोटीव_गाल
तिन्ही नापास हे पटत नाही. क्रीम वापरता का गोल साबण? साबण असेल तर ब्रश वडीवर किती वेळ फिरवता?

टँकर_सोसायटी
साबण. दहा-पंधरा सेकंद.

घोटीव_गाल
तिथेच चुकतंय. या पाण्यात निदान मिनिटभर फिरवा, ब्रशवर साबण अक्षरशः थापला गेला पाहिजे, आणि पाणी नंतर थेंबाथेंबाने घाला. उद्या करून सांगा.

टँकर_सोसायटी
उद्या टँकर येणार नाहीये. परवा.