मदत हवी आहे: 'डॉक्टर हू'ची जुनी ४५ आरपीएमची रेकॉर्ड, डेकाची घेऊ की बीबीसीची?

नमस्कार मंडळी,

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत मला जुन्या रेकॉर्डवर हवंय. मावसभाऊ पुढच्या महिन्यात इंग्लंडहून पुण्याला येतोय. त्याच्या सामानात एक सात इंची मावेल, दुसरीसाठी तो कुरकुरेल. त्याच्या गावातल्या दुकानात दोन आहेत.

एक डेका कंपनीची, क्रमांक एफ ११८३७. मागच्या बाजूला ब्रेंडा अँड जॉनी या जोडीचं गाणं, मालिकेशी काडीचा संबंध नाही. दुकानदार '१९६३ची पहिली' म्हणून चढा भाव लावतोय. दुसरी बीबीसी रेकॉर्ड्सची, १९७३ची, क्रमांक आरईएसएल ११. मागे पॅडी किंग्जलंडची 'रेग' ही धून. ही बरीच स्वस्त.

मला हवंय ते डेलिया डर्बीशायरचं काम. चाल रॉन ग्रेनरची, पण हाताशी सिंथेसायझर नसताना बाईंनी एकेक स्वर टेपवर घेऊन, टेप कापून-चिकटवून ती उभी केली. खालचा तो धुमधुमता ठेका म्हणजे छेडलेल्या एका तारेचा आवाज, टेपचा वेग कमीजास्त करून हव्या त्या स्वरात बसवलेला. श्रेय मात्र बीबीसीच्या ध्वनी विभागाला, रेडिओफोनिक वर्कशॉपला. पडद्यावर बाईंचं नाव यायला २०१३ उजाडलं! म्हणून १९८०चं पीटर हॉवेलचं नको, ते नव्याने सिंथेसायझरवर केलेलं. १९७८चं मॅनकाइंड या बँडचं डिस्को तर नकोच नको.

तर ७३चीवर भागेल का? डेकाची मोनो आहे, माझं कार्ट्रिज (पिन बसते तो भाग) स्टिरिओ, चालेल ना? आणि भावाला रेकॉर्डमधलं ओ की ठो कळत नाही. दुकानात त्याला नेमकं काय बघायला सांगू?

प्रतिसाद १:
डेकाची फेब्रुवारी १९६४ला आली. मालिकाच २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली, तेव्हा '६३ची' म्हणून जादा पैसे मागितले तर भावाला तिथेच घासाघीस करू दे. स्टिरिओ कार्ट्रिज चालतं. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर कमी होते.

रेकॉर्ड खिडकीपाशी तिरपी धरून बघायची. केसासारखे वरवरचे ओरखडे चालतील. खाचा राखाडी, निस्तेज दिसल्या तर जुन्या जड पिनेने त्या खाल्ल्यात. कितीही धुवा, आवाज फाटकाच येणार. त्या काळच्या पोरांनी वाजवून वाजवून पार वाट लावलेल्या असतात. डर्बीशायरबाईंचं काम दोन्हीवर आहे. ऐकायलाच हवी असेल तर ७३ची चकचकीत प्रत घ्या.

धागाकर्ता:
आभार दादा. दोन्हींचे तिरप्या उजेडातले फोटो मागवलेत, आले की इथेच टाकतो.