राजापूरची गंगा: सायफन कळला, आता यात्रा बंद करा म्हणे

आडिवरेकरीण
परवा तर्कटराव यांनी इथे लिहिलं की राजापूरची गंगा (कातळावरच्या कुंडांत अधूनमधून अचानक येणारं आणि तसंच नाहीसं होणारं पाणी) म्हणजे निव्वळ नैसर्गिक सायफन, आठवीतल्या पोराला कळेल असं प्रकरण. तरी शिकली-सवरलेली माणसं गाड्या करून जातात, "दगडी डबक्यांत बुचकळ्या मारतात" आणि पुण्य बाटलीत भरून आणतात. ही यात्रा बंद झाली पाहिजे. खाली टाळ्याही पडल्या. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझं माहेर त्याच तालुक्यातलं. गंगा आल्याची बातमी आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरकडून यायची. मग आधी उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर अंघोळ, तिथून वर गंगेवर, मूळगंगेला नमस्कार, काशीकुंडात गोमुखाखाली डोकं, बाकीच्या कुंडांचं पाणी अंगावर, आणि परतताना धूतपापेश्वराचं देऊळ. आजी या सगळ्यात एकदाही "पुण्य" म्हणाली नाही. ती म्हणायची, "ऐन वैशाखात पाणी आलंय, भेटून यायला नको?" तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा आमचा तालुका मेमध्ये टँकरची वाट बघतो. बावींचा (विहिरींचा) तळ दिसायला लागला की कातळातून चौदा कुंडं भरून पाणी येतं. त्याला हात जोडणाऱ्यांची तुम्हांला कीव येत असेल तर येवो.

दुसरं. आमच्या वाडीत एक बाव होती, काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे दगड. चैत्रात बायका ओटी भरायच्या, त्याआधी पुरुष गाळ काढायचे. नळपाणी योजना आली, ओटी थांबली. आज त्या बावीत गुटख्याच्या पुड्या, खताची पोती आणि एक मोडकी खुर्ची आहे. गंगेच्या कुंडात ही हिंमत कुणाची होत नाही. देव काढा, मग तिथे काय टाकतात ते बघा.

तर्कटराव
देव ठेवून काय टाकतात ते नाशिकला जाऊन बघा! रामकुंडावर अस्थी, राख, निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. भाविकांच्या सोयीसाठी गोदावरीच्या तळाला काँक्रीट ओतलं आणि खालचे झरे बुजवले. २०१५ हे दुष्काळाचं वर्ष, तरी शाहीस्नानाला धरणातून पाणी सोडायचं की नाही हे प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. २००३च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ माणसं मेली. आणि ताई मला सांगतात, श्रद्धेने पाणी जपलं.

तुमच्या आजीबद्दल आदर आहे. पण प्रत्येक धाग्यावर कुणाची तरी आजी येते आणि मुद्दा मरतो.

गंगातीरी
तर्कटराव, छत्रपती शिवाजी महाराजही या गंगेवर स्नानाला आले होते. ते काय अडाणी होते का?

तर्कटराव
पुरावा? १६६१ला महाराजांनी राजापूर घेतलं आणि इंग्रजांची वखार खणून काढली, एवढं मला ठाऊक आहे. अंघोळीची नोंद असेल तर दाखवा.

गंगातीरी
सगळ्याच गोष्टींची नोंद नसते. तुमच्या पणजोबांच्या अंघोळीची आहे का?

चहाटळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोकणात आहोत, तर भाजलेले काजू घेऊन बसलोय.

कातळखोद्या
सायफन, सायफन करणाऱ्यांसाठी थोडं. (भूजलाचं काम करतो, राजापूर-लांजा पट्ट्यात बरीच पायपीट केली आहे.)

कल्पना अशी: जमिनीखाली पोकळी, तिच्यातून बाहेर पडणारी वाट आधी वर चढून मग खाली उतरते. पाणी त्या वळणाच्या माथ्याला पोचलं की ओढ सुरू होते आणि हवा शिरेपर्यंत पोकळी रिकामी होत जाते. पुन्हा भरेपर्यंत सगळं कोरडं. कागदावर झकास. पण मग पावसाळा संपता संपता ती भरायला हवी, कारण पाऊस दरवर्षी आहेच. जुनी माणसं तीन वर्षांनी येते आणि तीनेक महिने राहते असं का सांगतात? एवढ्या पावसाला तीन वर्षं पुरणारी पोकळी केवढी असेल? की भरणाराच झरा बारीक आहे? शिवाय जेमतेम काही फुटांवरच्या कुंडांत एकात गार आणि एकात कोमट पाणी लागतं असं सांगतात. ते खरं असेल तर एकाच टाकीतून सगळं येतं कसं? जवळच उन्हाळे गावचा गरम झरा आहे, आणि तसे झरे वर आरवली, तुरळ, राजवाडीपासून थेट वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंत आहेत. खोल भेगांतून वर येणारं पाणी आणि जांभ्यातून (इथल्या सच्छिद्र लाल दगडातून) मुरलेलं पाणी यांची सरमिसळ असू शकते. "असू शकते" म्हणतोय. आठवीच्या पोराला कळेल इतकं हे सोपं असतं तर मला बरं झालं असतं.

आणि माझा नेहमीचा मुद्दा, ऐकून कंटाळला असाल तरी: चिरेखाणी. जांभा हा स्पंज आहे. सडेच्या सडे कापून चिरे घाटावर बंगल्यांना जातात, खाली बोअर मारले जातात, आणि मग "गंगा हल्ली वेळापत्रक पाळत नाही" म्हणून देवीचा कोप शोधतात. भाविक नाही आणि विवेकवादीही नाही, खाणीवर बोलायला कुणीच येत नाही.

तर्कटराव
म्हणजे तीही भूशास्त्रीय घटनाच. माझा मुद्दा शाबूत आहे.

कातळखोद्या
तुमचा मुद्दा "सायफन कळला" असा होता. कुणाला कळलाय ते सांगा, मी जाऊन पाया पडतो.

रेवती_ठाणे
आडिवरेकरीण, तुमची आजी छान होती. आता माझी आत्या ऐका.

लग्नानंतर पहिल्यांदा गंगा आली तेव्हा सासरच्यांनी तिला बरोबर नेलं. गर्दी, बैलगाड्या, बायकांना कपडे बदलायला धड आडोसा नाही. आठवड्याभरात गंगा गेली. गावात कुजबुज सुरू झाली की कुणाचा तरी विटाळ झाला. सासूने माणसांदेखत तिला विचारलं, "तेव्हा तू बाजूला होतीस ना?" ती बाजूला बसायच्या दिवसांत नव्हतीच. तरी "हिच्यामुळे गंगा गेली" हे पुढे भांडणात निघत राहिलं, मुलं मोठी झाली तरी. ती आयुष्यात पुन्हा गंगेवर गेली नाही. पाण्याला भेटायला जायचा आनंद कुणाला मिळायचा आणि कुणाला नाही, हेही लिहा.

गंगातीरी
ताई, हे व्यक्तिगत प्रकरण झालं. सोवळं पाळलं म्हणूनच ती जागा आजवर स्वच्छ राहिली. नियम असतात त्यामागे शास्त्र असतं.

रेवती_ठाणे
कुठलं शास्त्र ते सांगा. बाई पाण्याजवळ गेली की भूगर्भातली पोकळी घाबरते?

दासगावचा
"सोवळं पाळलं म्हणून स्वच्छ राहिली." वाचून उठणार होतो, पण बसलो.

आमच्याकडे महाडला चवदार तळं आहे. १९२३ला मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोल्यांचा ठराव झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, सोबत हजारो माणसं. त्यानंतर तुमच्या सोवळ्याने काय केलं? माणसांची डोकी फोडली, आणि शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी त्या पाण्यात ओतून तळं "शुद्ध" केलं. पाण्यात शेण टाकून पाणी स्वच्छ! मग दावा लावला, की ही वहिवाट अनादि काळापासूनची आहे. दहा वर्षं चालला. १९३७ला हायकोर्टाने सांगितलं, अशी अनादि वहिवाट तुम्हांला सिद्ध करता आली नाही.

म्हणून पाण्याच्या पावित्र्याचं कौतुक सुरू झालं की मी एकच विचारतो: त्या काठावर कोण उभं राहू शकत होतं?

गंगातीरी
धाग्याचा काश्मीर झाला. विषय गंगेचा, हे निघाले महाडला.

दासगावचा
महाड तुम्हांला लांब वाटतं, आम्हांला तो काठ लांब होता.

तर्कटराव
दासगावचा यांच्याशी शंभर टक्के सहमत. हेच मी म्हणत होतो.

दासगावचा
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही "डबकं" म्हणत होता. आमच्या माणसांनी ज्या पाण्यासाठी मार खाल्ला त्याला डबकं म्हणायची चैन मला परवडत नाही. दर २० मार्चला लोक येतात, तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात, डोळ्यांना लावतात, बाटलीत भरून घरी नेतात. माझी आईही नेते. त्यालाही बुचकळ्या म्हणणार का?

तर्कटराव
तो इतिहास आहे, चमत्कार नाही. फरक आहे.

आडिवरेकरीण
काय फरक आहे, जरा सविस्तर लिहा. दोन्हीकडे माणूस लांबून येतो, पाण्यापाशी वाकतो आणि बाटली भरतो.

तर्कटराव
एकीकडे हक्क मिळवल्याची आठवण, दुसरीकडे पाप धुतल्याचा भ्रम. एवढं कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आडिवरेकरीण
मग बोलू नका. डबकं आणि भ्रम सोडून तिसरा शब्द सापडला की या.

वाळकेश्वरी
वातावरण तापलंय म्हणून मुंबईचं गार पाणी टाकतो. आमच्या वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावापासून समुद्र दगड फेकण्याच्या अंतरावर, तरी झरा गोडा. रामाने बाण मारला वगैरे आहेच. देऊळवाल्यांनी जपलं, वारसा म्हणून जपलं, सरकारी योजनाही आली. आणि २०२४च्या जूनमध्ये सुशोभीकरणाच्या कामात चक्क खोदकामाचं यंत्र पायऱ्यांवर उतरवलं, जुन्या पायऱ्या फुटल्या. तेव्हा श्रद्धा होती, तज्ज्ञ होते, पैसाही होता. यंत्र उतरताना हे सगळे कुठे होते देव जाणे. आरडाओरडा केला तो आजूबाजूच्या लोकांनी.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांपायी पालिका मुंबईतल्या विहिरी बुजवत होती. धर्माच्या नावाने विरोध झाला तेव्हा सुधारक तर्कटरावांसारखेच वैतागले असतील. डासांच्या बाबतीत त्यांचं बरोबरच होतं. पण चर्चगेटपाशी १७२५ची भिखा बेहरामची विहीर आजही गोड्या पाण्याने भरलेली आहे, कारण पारशांनी तिथे दिवा लावणं सोडलं नाही.

दासगावचा
तिथे बिगरपारशी आत जाऊ शकतो?

वाळकेश्वरी
आत नाही. हो, समजलं.

चहाटळ
या धाग्यावर कुणीही कुठलीही विहीर आणली की दासगावचा तिच्या काठावर आधीच उभे असतात.

दासगावचा
शंभर वर्षांपूर्वी उभं राहू दिलं असतं तर आज बसलो असतो.

कातळखोद्या
यावर मुकाट टाळी. बाकी, पुण्यात जोतीरावांनी घरचा हौद १८६८ला अस्पृश्यांना खुला केला होता. त्याला ना ठराव लागला ना कोर्ट.

आडिवरेकरीण
दासगावचा, तुमचा प्रश्न टाळायचा नव्हता, उत्तर गैरसोयीचं होतं. काल आईला फोन करून विचारलं. आमच्या वाडीच्या त्या बावीवर बौद्धवाडीतल्या बायका स्वतः पोहरा सोडत नसत. काठाखाली घागर ठेवून थांबायच्या, कुणी वरून ओतलं तर पाणी. नळ आला तेव्हा ओटी थांबली याचं आमच्या आळीला वाईट वाटलं. बौद्धवाडीत त्या दिवशी काय वाटलं असेल, हा विचार मी आजवर केला नव्हता. तरीही ती बाव कचऱ्याने भरली हे काही चांगलं झालं असं मी म्हणणार नाही.

दासगावचा
मीही म्हणत नाही. पाण्याशी माझं भांडण नाही.

तर्कटराव
बरं. "यात्रा बंद करा" हे मागे घेतो, कारण बंद होणार नाही हे मलाही कळतं. त्याऐवजी: कुंडात साबण बंद, बायकांना नीट आडोसा, विटाळाची भाषा बंद, आणि कातळखोद्यांना प्रत्येक कुंडाचं तापमान रोज मोजू द्या. हे झालं तर मी स्वतः येईन. बुचकळी मारणार नाही. पाय बुडवेन.

गंगातीरी
पाय धुऊन मग बुडवा.

कातळखोद्या
तापमापक माझा. आणि प्रवाहही मोजायचा आहे, आल्या दिवसापासून जाईपर्यंत. पण कळवा वेळेत. मागच्या खेपेला मला बातमी मिळाली तेव्हा गंगा येऊन महिना झाला होता.

आडिवरेकरीण
कंडक्टरचा नंबर देते.

वाडीच्या बावीचा गाळ मेमध्ये काढायचं घाटतंय. इथल्या कुणाला यायचं असेल तर या. आईचं म्हणणं, गाळ काढल्यावर आसरांची ओटी भरायचीच. भाऊ म्हणतो, ओटी भरली तर बौद्धवाडीतले येणार नाहीत, नाही भरली तर म्हातारी माणसं येणार नाहीत. अजून ठरलेलं नाही.

तर्कटराव
पंप माझा घेऊन येतो. ओटीच्या वेळी बाजूला उभा राहीन.

दासगावचा
गाळ काढायला आम्हांला बोलावणं येतंच, त्यात नवीन काही नाही. त्या दिवशी पहिला पोहरा कुठली वाडी सोडणार ते आधी ठरवा आणि इथे लिहा. मग मी रजा टाकतो.