पावसाळ्याआधी टायर बदलायचे आहेत: ऑल सीझन घेऊ की गाडीच बदलू? (मदत हवी आहे)

वाडीतला_मी

नमस्कार मंडळी. जरा लवकर उत्तर द्या, मृग लागायच्या आत काम उरकायचं आहे.

गेल्या पावसात माझी गाडी दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी आई आणि मुलगी सोबत होत्या, थोडक्यात वाचलो. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की स्टिअरिंगवर हात घट्ट होतात. रोजचं जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे, टाळता येत नाही.

भाऊ जर्मनीत असतो. तो म्हणतो तिकडे ऑल सीझन टायर मिळतात, बारा महिने चालतात, तेच घे. इथल्या टायरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आपल्याकडे सगळे ऑल सीझनच." कुणाचं खरं मानायचं? बायकोचं म्हणणं वेगळंच, ती म्हणते ही गाडी काढ आणि उंच गाडी घे.

टायरसाठी वीस हजार बाजूला ठेवले आहेत. गाडीच बदलायची तर आठ-नऊ लाखांपर्यंत ताणता येईल. कोणती कंपनी घेऊ? लांबलचक नको, नाव सांगा.

घाटमार्गी

गाडी कोणती? टायरचा आकार काय? राहता कुठे? किती वर्षं झाली या टायरना? यातलं काहीच नाही, तर नाव कशाचं सांगायचं?

देवगडचो_झील

गाडी खयची ता सांगलंस नाय, रस्तो खयचो ता सांगलंस नाय. घसरली ती चढार की वळणार? पुढची चाका घसरली की मागची? ह्या कळल्याशिवाय आमी काय सांगतलव?

लांबपल्ला

एमआरएफ झेडएलएक्स. डोळे झाकून घ्या. माझा पहिला सेट सत्तर हजार किलोमीटर चालला, रत्नागिरी ते मुंबई कितीतरी फेऱ्या झाल्या. इतका टिकणारा टायर दुसरा पाहिला नाही.

घाटमार्गी

लांबपल्ला, टायर किती टिकतो हे त्यांनी विचारलेलंच नाही. गाडी घसरते म्हणून धागा काढलाय. जास्त टिकणारं रबर बहुतेक वेळा कडक असतं आणि कडक रबराची ओल्या डांबरावरची पकड मऊ रबरापेक्षा कमी पडते. तुमचा हायवे मोठा भाग कोरडा असेल, पण यांचं गाव कुठे आहे ते तरी आधी कळू द्या.

लांबपल्ला

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोरडा? जूनमध्ये एकदा कशेडी घाट उतरून बघा. मी त्याच टायरवर उतरलोय, कधी घसरलो नाही. अनुभवाचं बोलतोय.

पंपशोधक

आठ-नऊ लाख असतील तर सीएनजी गाडीचा विचार करा. रोजच्या नव्वद किलोमीटरला पेट्रोल परवडत नाही. दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या गाड्या आता मिळतात, सामानाला जागा उरते. फक्त तुमच्या रस्त्यावर पंप कुठे आहे आणि रांग किती असते ते आधी बघून या.

वाडीतला_मी

सीएनजीचं मी कुठे विचारलं? असो. २०१८ ची स्विफ्ट आहे, व्हीएक्सआय, पेट्रोल. टायर १६५/८० आर १४. गुहागर तालुक्यातून रोज चिपळूण. मुख्य रस्त्यावरून वाडीत यायला जांभ्याची चढण आहे. आता सांगा.

टायरवाचक

तुमचा भाऊही खरं सांगतोय आणि टायरवालाही, फक्त दोघांचे देश वेगळे आहेत.

युरोपात हवा साधारण सात अंशांच्या खाली गेली की उन्हाळी टायरचं रबर ताठर होतं. म्हणून तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवतात. वर्षातून दोनदा बदलाबदल नको असेल त्यांच्यासाठी ऑल सीझन, म्हणजे थोडी थंडी आणि थोडा बर्फ सहन करणारा मधला टायर. चांगल्या ऑल सीझनवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. गुहागरला पौषातल्या पहाटेलाही सात अंश होत नाहीत. त्या गुणासाठी जास्त पैसे देऊन तुमच्या पदरात काही पडणार नाही. आपल्याकडे मिळणारे टायर उन्हाचे आणि पावसाचेच असतात, त्या अर्थाने टायरवाला बरोबर.

तुम्हाला हवाय तो ओल्यात धरणारा टायर. रबरात सिलिका असलेला, गोल फिरून जाणाऱ्या खोल रुंद खाचा असलेला. खाचेतून पाणी बाहेर गेलं तरच रबर डांबराला लागतं, नाहीतर टायर पाण्यावर तरंगतो आणि मग स्टिअरिंग, ब्रेक सगळं हातातून जातं.

पण तेवढ्यावर नाव सांगणार नाही. तीन गोष्टी बघून या. टायरच्या बाजूला डीओटी नावाने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे काय आहेत? पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चारही चाकांचे बघा. दुसरं, खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. तिसरं, हवा किती भरता?

आणि देवगडच्या भाऊंचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पुढून घसरली की मागून?

किनाऱ्यावरचा_पत्रा

टायरचं चाललंय ते ठीक, पण समुद्रापासून जवळ असाल तर गाडीचा खालचा पत्रा बघितलात का? खाऱ्या हवेने सायलेन्सर आणि दाराच्या खालच्या कडा आधी जातात. पावसाळ्याआधी खालून गंजरोधक थर मारून घ्या. दर पंधरवड्याला खालून गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, लाल माती आत साचून राहते ती ओल धरते. माझ्या आधीच्या गाडीची दारं अशीच गेली.

घाटमार्गी

चांगली माहिती आहे, पण वेगळा धागा काढा. इथे माणूस घसरतोय.

वाडीतला_मी

आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. पुढचे दोन्ही ०९२४. मागचे दोन्ही २३१८. मागच्यांची नक्षी पट्ट्यांना जवळजवळ टेकली आहे. पुढचे छान आहेत. गेल्या वर्षी दोनच बदलले होते, टायरवाल्याने पुढे बसवून दिले.

हवा चाळीस भरतो. मायलेज मिळतं म्हणून त्यानेच सांगितलं होतं.

पहिल्यांदा घसरली ती वाडीच्या चढणीवर, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी मागे आली. दुसऱ्यांदा मार्गताम्हाण्याच्या पुढे, उतारावरच्या वळणावर. वेग फार नव्हता. पाय एक्सलेटरवरून काढला आणि मागची बाजू एकदम बाहेर गेली. गाडी आडवी होऊन गटारापाशी थांबली. समोरून एसटी येत नव्हती म्हणून वाचलो.

टायरवाचक

सापडलं. तुमच्या दोन घसरणी दोन वेगळ्या कारणांच्या आहेत.

वळणावरची घसरण मागच्या टायरची. सात वर्षांचं रबर वाळून कडक झालेलं, खाचा संपलेल्या. पुढे नवे टायर असल्यामुळे पुढची बाजू रस्ता धरून वळली, मागची धरू शकली नाही. उतारावर पाय काढला की वजन पुढे येतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. त्यामुळेच गाडी फिरली.

दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते नेहमी मागे बसवायचे. बऱ्या नक्षीचे जुने पुढे.

लांबपल्ला

हे मला अजिबात पटत नाही. गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते, इंजिनाचं वजन पुढे, वळायचं पुढच्यांनी, ब्रेकचा बराचसा भारही पुढेच. मग नवे टायर मागे? वीस वर्षं गाडी चालवतोय, प्रत्येक दुकानात पुढेच बसवतात.

टायरवाचक

दुकानात बसवतात हे खरं, कारण पुढचे लवकर झिजतात आणि ते बदलले की दोन्ही जोड्या सारख्या संपतात. हिशेब टिकण्याचा आहे, धरण्याचा नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्या स्वतः मागे बसवायला सांगतात.

पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ बघते. तुम्हाला ते स्टिअरिंगमध्ये लगेच कळतं, वेग हळूहळू कमी केला की पकड परत येते. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. ती सावरायला सराव लागतो, रोज कामावर जाणाऱ्या माणसाला तो कुठून असणार? या दादांच्या गाडीत आई आणि लेक होत्या.

लांबपल्ला

फिरण्याचा मुद्दा समजला. माझ्या गाडीचे चारही एकदमच बदलतो म्हणून कधी वेळ आली नाही. पण पुढे झिजलेले ठेवायलाही माझं मन तयार नाही.

टायरवाचक

झिजलेले ठेवायचेच नाहीत. यांचे २०२४ चे टायर चांगले आहेत, ते पुढेच राहू देत. मागे दोन नवे, शक्यतो त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे. चारही घ्यायची गरज नाही.

हवेचं: चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा भरा, टायर थंड असताना. जास्त हवेने टायर फुगून मधोमधच टेकतो. मायलेजचे दोन पैसे वाचवायला रस्त्यावरची पकड देऊ नका.

रुंदपट्टा

मी असतो तर १९५ चे रुंद टायर टाकले असते. जेवढं रबर रस्त्यावर, तेवढी पकड. गाडी दिसतेही भक्कम.

घाटमार्गी

कोरड्यात ठीक. साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तो लवकर तरंगतो. स्टिअरिंगही जड होईल.

त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात. हिशेब करून बघा: १६५/८० आर १४ चा व्यास साधारण ६२० मिलिमीटर, १८५/६५ आर १५ चा ६२१. उंची वाढत नाही, रिम मात्र चार नवे घ्यावे लागतात. उलट १६५/८० ची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर उंच आहे, आपल्या खड्ड्यांत तीच रिमला वाचवते. आहे तो आकार कोकणाला चांगला आहे.

भिंतीवरून आठवलं, बाजूला चीर गेली तर पंक्चरवाल्याच्या दोरीवर विश्वास ठेवू नका. ती दुरुस्ती फक्त नक्षीच्या भागात चालते.

उंच_गाडी_बरी

वहिनींचं म्हणणं कुणी ऐकतच नाही. स्विफ्टच्या पोटाखाली १६३ मिलिमीटर, पंचच्या १८७, ब्रेझाच्या १९८, नेक्सॉनच्या २०८. खणलेल्या रस्त्यांवर हा फरक रोज कळतो. नऊ लाखांत पंच नवी बसेल किंवा ब्रेझा जुनी. मी दोन वर्षांपूर्वी उंच गाडी घेतली, कंबर दुखायची थांबली.

चिपळूणची_लेक

जुनी घेणार असाल तर एक हात जोडून सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दारातल्या गाड्या छपरापर्यंत बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. अशा गाड्या धुऊन-पुसून कुठेही विकल्या जाऊ शकतात, दुसऱ्या जिल्ह्यातसुद्धा.

बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली की परत फिरा. सीटखालच्या रुळांवरचा गंज बघा, पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. विम्याचे जुने दावे तपासा. आणि पाणी भरलेल्या रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, इंजिनात पाणी गेलं असेल तर आतले दांडे वाकतात. आमच्या शेजाऱ्यांनी घाबरून चावी फिरवली आणि इंजिन गेलं.

घाटमार्गी

ताई, हे सगळ्यांनी लिहून ठेवावं असं आहे.

उंच_गाडी_बरी, पोट घासत असेल तर उंच गाडी हवीच. पण यांनी पोट घासल्याचं लिहिलेलं नाही. उंचीने घसरणं थांबत नाही, त्याच सात वर्षांच्या टायरवर उंच गाडीही फिरली असती.

परसातली_वहिनी

चढणीबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याही वाडीत जांभ्याची चढण आहे, म्हणून लिहिते.

जांभ्यावर आषाढात शेवाळ धरतं, आणि त्यावर कुठलाही टायर चालत नाही. माणूस अनवाणी चालला तरी पडतो. आम्ही दरवर्षी पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी ब्लीचिंग पावडर पसरतो, तासाभराने ताठ खराट्याने घासून काढतो. श्रावण लागताना पुन्हा एकदा. विहिरीकडे उतार असेल तर पावडर अजिबात नको, नुसतं खरवडायचं. वरून येणाऱ्या पाण्याला बाजूने चर काढून द्या, पाणी वाहत राहिलं की शेवाळ हटत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चाकोरीपुरते काँक्रीटचे दोन पट्टे घातले, ओले असतानाच आडव्या रेघा ओढून घेतल्या. तेव्हापासून माझी स्कूटीसुद्धा वर येते. चार घरांनी मिळून खर्च केला. अख्खी पाखाडी उकरायची गरज नाही, जुना दगड तसाच राहिला.

देवगडचो_झील

वयनीनू, लाख बोललात. शेवाळ काढल्याशिवाय काय्येक उपेग नाय.

वाडीतला_मी

सगळ्यांचे आभार. सुरुवातीला तुसडेपणाने लिहिलं, राग मानू नका, मनात तो प्रसंग होता.

काल शृंगारतळीला जाऊन दोन टायर घेतले, पुढच्यांच्याच कंपनीचे. पहिली जोडी दाखवली ती तीन वर्षांपूर्वीची निघाली, आकडे वाचता आल्यामुळे कळलं. ती परत करून या वर्षीची मागितली. टायरवाला मागे बसवायला तयार नव्हता, म्हणाला असं कुणी करत नाही. शेजारी उभा राहून बसवून घेतले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून साडेअकरा हजार झाले. हवा स्टिकरप्रमाणे केली, गाडी खड्ड्यात कमी आपटते हे आईने स्वतःहून सांगितलं.

उरलेले साडेआठ हजार चढणीला. वाडीतल्या तीन घरांशी बोललोय, एक घर अजून हो म्हणत नाही. विहीर उताराला आहे, म्हणून वहिनी म्हणतात तसं नुसतं खरवडणार. गाडी बदलायचं पोट घासेपर्यंत थांबवलंय, बायकोलाही पटलं.

एकच राहिलं. स्टेपनीही २३१८ चीच आहे, एकदाही वापरलेली नाही. बदलू का?

टायरवाचक

न वापरलेलं रबरही वयाने वाळतं. जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू न्यायला चालेल, रोज त्यावर चिपळूणला जाऊ नका. चिरा पडल्यात का बघा.

देवगडचो_झील

आणि तिच्यात हवा आसा काय, ता आधी बघ.